आत्याबाईंनी न प्यालेलं पाणी

आमच्या मंडळीत दोन माणसांचं भांडण मिटलं की नाही हे विचारायचं असलं, की "पाणी झालं का?" असं विचारत. मी लग्न होऊन नाशकात आले ती तिसाव्या सालानंतरची पहिली वर्षं. गावाबाहेर आमची ख्रिस्ती लोकांची वस्ती होती. शाळा, दवाखाना, सुतारकामाचा कारखाना, दोन रांगांची घरं आणि मधोमध दगडी चर्च. चर्चला आम्ही देऊळच म्हणत असू.

रीत अशी होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभुभोजन असे, म्हणजे वेदीपाशी जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्याने आदल्या शनिवारी त्याच्या उंबऱ्यावर जायचं आणि पाणी मागायचं. घरच्याने तांब्या भरून द्यायचा आणि आलेल्याने तो तिथेच बसून प्यायचा. पाणी झालं, की रविवारी दोघंही वेदीपाशी जायला मोकळे. कोणी नाकारलं, तर नाकारणाऱ्याने रविवारी जागेवर बसून राहायचं. आधी भावाशी समेट कर आणि मग वेदीकडे ये, असं शास्त्रात आहेच. पण त्यात पाण्याचं कुठे नाही. पाणी आमच्या म्हाताऱ्यांनी त्यात घातलं. त्यांच्या आईबापांना गावच्या विहिरीला हात लावायची सोय नव्हती. कोणाला दया आली तर तो वरून ओंजळीत धार धरायचा. वस्तीची स्वतःची विहीर झाली तेव्हा त्यांना वाटलं, की एकमेकांच्या घरात बसून तांब्याला तोंड लावून पाणी प्यावं, याहून मोठा सलोखा कोणता? मला हे कोणीतरी सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. तिकडे गावात हिंदूंच्या देवळाच्या दारात आमचेच जुने भाऊबंद आत सोडा म्हणून उन्हात बसलेले होते, आणि इकडे वस्तीत पाण्याला एवढा मान होता.

पण माझा स्वभाव पहिल्यापासून फटकळ. सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं, की अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात तसं त्या पाण्याचं झालं आहे. आमच्या रांगेत दोन शेजारी कोंबड्यांवरून भांडत. याची कोंबडी त्याच्या अंगणात अंडं घाली आणि मग ते अंडं कोणाचं यावर दोघांच्या सात पिढ्या निघत. शनिवारी पाणी, रविवारी प्रभुभोजन, सोमवारी पुन्हा कोंबड्या. मी एकदा विहिरीवर म्हटलंसुद्धा, की या दोघांच्या समेटापायी उन्हाळ्यात विहीर आटायची. बायका हसल्या, पण माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी घागर उचलली आणि चालू लागल्या.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणत आणि सासऱ्यांना मामंजी. देवळात बायका डाव्या बाजूला चटयांवर बसत. माझ्या पहिल्याच प्रभुभोजनाच्या रविवारी आमची ओळ उठली आणि आत्याबाई उठल्या नाहीत. त्यांनी नुसते पाय आखडून घेतले, मागच्या बायकांना जायला वाट झाली, आणि पदर सारखा करून त्या खाली मान घालून बसल्या. मला काही कळेना. मी थांबले, तर त्यांनीच मला कोपराने पुढे ढकललं. पुढच्या महिन्यात तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. साऱ्या मंडळीसमोर एकटीने चटईवर बसून राहायचं ही काही साधी गोष्ट नव्हती. कोंबड्यांवरून भांडणारे ते दोघेसुद्धा परत येताना त्यांच्याकडे कसं बघत, ते मी पाहिलं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर दया असे, आणि मला त्या दयेचा संताप येई.

नवऱ्याला विचारलं तर तो विषय बदले. तो देवळाली कॅम्पात एका दुकानात कामाला होता, शनिवारी संध्याकाळच्या पॅसेंजरने येई आणि सोमवारी पहाटे जाई. एवढ्या वेळात आईचं दुखणं उकरून काढायची त्याची तयारी नव्हती. शेवटी मला सगळं सांगितलं ते मामंजींनी. ते कारखान्यात सुतार होते. देवळातला वेदीपुढचा कठडाही त्यांच्याच हातचा. एका दुपारी ओटीवर रंधा मारता मारता, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं.

त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी नणंद, हरसूलला दिली होती. नवरा तिथल्या शाळेत मास्तर. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच दुखू लागेलसं वाटलं, म्हणून आत्याबाईंच्या धाकट्या बहिणीला तिकडे पाठवलं. ही बहीण विधवा होती. दवाखान्यात नर्स होती आणि अर्ध्या वस्तीची बाळंतपणं तिच्या हातून झालेली. आई लवकर गेल्यामुळे आत्याबाईंनीच तिला वाढवलेलं. तिचं घर आमच्या समोर, दाराला दार. ती हरसूलला गेली, आणि परत आली ती बाळंतीण आणि मूल दोघांनाही पुरून. हे मी यायच्या आदल्या वर्षीचं.

"त्या दिवशी हरसूलचा बाजार होता," मामंजी म्हणाले. "त्र्यंबकच्या गाड्या दुपारपर्यंत उभ्या असतात तिथं. पोरीला गाडीत घातली असती तर डॉक्टरापाशी आली असती. गाड्या गेल्यावर मग कोण येतंय डोंगरातनं? एवढं तिला कळायला पायजे होतं. पण चुकतं माणूस. म्या दुसऱ्याच महिन्यात तिच्याकडं पाणी प्यालो."

"आणि आत्याबाई?"

त्यांनी रंध्यातला भुसा फुंकला. "तिला विचार. ती तुला सांगंल."

आत्याबाईंना विचारायला मला धीर लागला. त्या दाराकडे पाठ करून धान्य निवडत बसत. त्या नेहमी तशाच बसत, समोरचं घर दिसू नये म्हणून. मी विचारलं तेव्हा त्यांचे हात थांबले नाहीत.

"माझ्या भनीनं घरी येऊन काय सांगितलं ठाव हाय? 'आक्का, देवाची इच्छा.' एवढंच. पाद्रीसाहेबाला तेच, शेजारणींला तेच, माझ्या जावयाला तेच. देवाची इच्छा. पोरी, ती नुसती चुकले म्हणली असती, तर म्या तिला पोटाशी धरलं असतं. पर तिनं आपली चूक देवाच्या गळ्यात बांधली. माझ्या लेकीला मारायची इच्छा देवाला कशापायी व्हावी? मला लय राग येतो. आणि एवढा राग पोटात घेऊन म्या पाणी पिऊ, आणि वर जाऊन हात पुढं करू? देव काय आंधळा हाय?"

त्या संध्याकाळी मी मनात म्हटलं, की या वस्तीत त्या पाण्याची खरी चाड असलेलं माणूस एकच आहे, आणि तेवढ्याला आम्ही चटईवर बसवून ठेवलं आहे.

मावशीबाई, म्हणजे ती समोरची बहीण, दोनदा पाणी मागायला आमच्या उंबऱ्यावर आली होती. दुसऱ्या वेळी मी घरात होते. ती सडपातळ, पांढऱ्या लुगड्यातली, चालताना आवाज न करणारी बाई. "आक्का, पाणी दे," ती म्हणाली. आत्याबाई म्हणाल्या, "तहान लागली आसंल तर दिते. समेटाचं न्हाय." ती जराशी उभी राहिली आणि निघून गेली. तिने मागितलं होतं, म्हणून रविवारी ती वेदीपाशी जायला मोकळी होती. नाकारणाऱ्या आत्याबाई होत्या, म्हणून त्या बसून राहिल्या. नियम हा असा होता.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजींच्या पायांवर सूज चढली आणि त्यांना धाप लागू लागली. त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, पण बाहेर येऊन नवऱ्याला जे सांगायचं ते सांगितलं. मामंजींना ते कोणी सांगायची गरज नव्हती. सुताराला लाकूड कधी आतून पोकळ झालंय ते कळतं, असं तेच एकदा म्हणाले. देवळात जाणं बंद झालं, तेव्हा पाद्रीसाहेब घरी येऊन प्रभुभोजन देणार असं ठरलं.

पाद्रीसाहेब आपल्याकडचेच होते, नगरकडचे. सज्जन, पण शिस्तीचे. दुपार उतरताना ते आले, तेव्हा नवरा कॅम्पात कामावर होता. आजाऱ्याच्या घरात शिरताना पाळकाने आधी त्या घरासाठी शांती मागायची असते. त्यांनी दारात उभं राहून ती मागितली, या घराला आणि यात राहणाऱ्या सर्वांना. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तोंड फिरवलं ते मी पाहिलं. मग साहेबांनी आपली लाकडी पेटी उघडली, स्टुलावर पांढरं कापड पसरलं, लहानसा पेला आणि भाकर मांडली. आणि मामंजी म्हणाले, "साहेब, हे झाका. म्या घेणार नाय."

"का?"

"हिच्याबिगर नाय. दोन वर्सं एकट्यानं घेतलं. दरवेळी जागेवर आलो आणि हिच्याकडं बघितलं, की घशात अडकायचं. शेवटचं एकट्यानं नको मला."

साहेबांनी पेल्यावर झाकण ठेवलं. मग चुलीकडे वळून म्हणाले, "बाई, पाणी झालं आहे का?"

आता मला राहवेना. सून माणसाने पाद्र्यासमोर बोलू नये हे मला माहीत होतं. पण तोंडाला कुलूप घालायचं माझ्या आईने मला शिकवलंच नाही. मी म्हटलं, "साहेब, कोंबड्यांचं पाणी तुम्हाला दर महिन्याला चालतं. या बाईनं खोटं पाणी प्यायचं नाकारलं, तर तिला साऱ्या मंडळीसमोर बसवून ठेवलंत. आणि आता एक माणूस मरायला टेकलंय, तर पुन्हा पाणीच विचारता?"

मामंजींना हसू आलं आणि हसण्यातून खोकला. "लासलगावची हाय, साहेब," ते धापा टाकत म्हणाले. "कांद्याच्या गावची. झोंबणारच."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी डोळे पुसल्यासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला. "तू म्हणतेस ते खरं असेल," ते मला म्हणाले. मग आत्याबाईंना म्हणाले, "बाई, नियम मी आज बाजूला ठेवतो. त्याचा जाब मला विचारतील, तो मी देईन. तुम्ही इथे या आणि यांच्याबरोबर घ्या."

मला वाटलं, सुटलो. पण आत्याबाई हलल्या नाहीत.

"नियम तुमी ठेवला बाजूला," त्या म्हणाल्या. "माझ्या पोटात हाय ते कुटं ठेवू?"

एवढं बोलून त्यांनी मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी डोळे मिटले होते. त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, डोक्यावरून पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "चल."

समोरचं दार उघडंच होतं. मावशीबाई दवाखान्यातल्या धुतलेल्या पट्ट्या गुंडाळत बसली होती. आत्याबाईंना उंबऱ्यात पाहून तिच्या हातातली पट्टी सुटली आणि जमिनीवर लांब पसरली. आत्याबाई खाली बसल्या. मी दाराशीच उभी राहिले.

"पाणी दे," आत्याबाई म्हणाल्या.

मावशीबाई उठली, तांब्या भरून आणला, पण लगेच पुढे केला नाही. "दाजींसाठी आलीस," ती म्हणाली. "मला कळतं, आक्का. माझ्यासाठी नाही आलीस. चालेल. पी आणि जा, त्यांना वाट बघायला लावू नकोस."

आत्याबाईंनी तांब्या घेतला, तोंडापर्यंत नेला. मी मनात प्रार्थना करत होते, आणि प्रार्थना काय, तर एक घोट, एकच घोट घे बाई. त्यांचे ओठ पाण्याला लागले. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"न्हाय गिळत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका लहान झाला होता. "मला सांग त्या दिशी काय झालं. सगळं सांग. देवाचं नाव मधी घेऊ नको."

मावशीबाई समोर खाली बसली. जमिनीवरची पट्टी तिने पुन्हा गुंडाळायला घेतली. बोलली तेव्हा नर्सबाईची ती शुद्ध, सावकाश भाषा तिच्या तोंडून गेली होती. ती बहिणीसारखीच बोलू लागली.

"सकाळपास्नं कळा होत्या. मास्तर पेठ गावाला गेलता, शाळेच्या तपासणीला. शेजारपाजारचं समदं मानूस बाजारात. मला कळलं व्हतं, आक्का. दुपार व्हायच्या आधीच कळलं व्हतं की मूल आडवं हाय, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाय. गाडी आनायला फकस्त बाजारात जायचं व्हतं. हाकेवर बाजार. तिनं माझा हात धरला व्हता. 'मावशी, जाऊ नको. मला भ्या वाटतं, हात सोडू नको.' म्या म्हनलं, आत्ता जाते आन् आत्ता येते, तर रडाय लागली. ल्हान असताना रडायची ना, तशी. मला हात सोडवंना. म्हनलं, जरा शांत झाली की जाते. जरा येळानं जाते. आन् मग गाड्या निघून गेल्या. त्यांच्या घुंगरांचा आवाज म्या ऐकला, आक्का. हात धरून बसले आन् ऐकला."

ती थांबली. हातातली पट्टी तिने बाजूला ठेवली.

"म्या चुकले," मावशीबाई म्हणाली. "देवाचा काय संबंध न्हाय. म्या चुकले. ते तोंडातनं निघंना म्हनून देवाचं नाव घेतलं. दर रविवारी वर जाते, आन् मला ठाव असतं की जायला पायजे तू, आन् बसून ऱ्हायला पायजे म्या."

आत्याबाईंनी एकच विचारलं. "एकली नव्हती ना ती? शेवटपर्यंत तू हात धरला व्हता?"

"धरला व्हता. नंतर बी धरला व्हता. मास्तरानं येऊन सोडवला."

मग आत्याबाई रडल्या. माझ्या लग्नानंतर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. गेलेल्या मुलीसाठीही त्या रडल्या नव्हत्या, असं मामंजी म्हणाले होते. त्यांनी बहिणीचं डोकं ओढून आपल्या मांडीवर घेतलं, आणि दोघी बहिणी अशा रडल्या की रस्त्याने जाणारी माणसं थांबली. मी दार लोटून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. कोंबड्यांवाल्या शेजाऱ्यांपैकी एक जण "काय झालं?" म्हणून चौकशीला आला, त्याला मी घरी पाठवला.

आम्ही तिघी परत आलो तेव्हा मामंजी जागे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मेहुणीकडे.

"झालं?"

"पाणी राहिलं," आत्याबाई नाक पुसत म्हणाल्या. "बाकी झालं."

आम्ही सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेल्यावरचं झाकण काढलं आणि उपासना सुरू केली. पापकबुलीच्या वेळी मावशीबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आत्याबाईंनी हात पुढे केले, आणि साहेबांनी भाकरीचा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला तो जरा दाबून ठेवला. मामंजींना गिळवत नव्हतं. साहेबांनी कणभर तुकडा द्राक्षारसात बुडवून त्यांच्या जिभेवर ठेवला. तो खाली गेला. मामंजींनी सुस्कारा टाकला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल पडला. शांती म्हणजे काय हे मी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं. त्या दिवशी ती माझ्यासमोर खाटेवर निजली होती.

साहेब पेटी आवरून गेले. मावशीबाई खाटेपाशी बसून होती. सवयीने तिने मामंजींचं मनगट हातात घेतलं, आणि थोड्या वेळाने तिचा चेहरा बदलला. ती ताडकन उठली.

"आक्का, नाडी बरी नाही. डॉक्टरांना आत्ताच आणलं पाहिजे. मी जाते. पळत जाते."

आत्याबाईंनी तिचा पदर धरला आणि तिला पुन्हा खाली बसवलं.

"तू नको जाऊ," त्या म्हणाल्या. त्यांनी मामंजींचा हात उचलला आणि बहिणीच्या हातात दिला. "तू ह्यांचा हात धरून बस. तुला ते चांगलं येतं. डॉक्टरला सून आणंल."

मी चप्पल न घालताच निघाले. दवाखाना काही लांब नव्हता, पण विहिरीपर्यंत जाईतो डोळ्यांतल्या पाण्याने मला पुढचा रस्ता दिसेनासा झाला होता, आणि ते मामंजींच्या काळजीने नव्हतं.